पाच नंबरच्या आजी : शस्त्रक्रिया वॉर्डातल्या एका रात्रपाळीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्याच ड्युटीतलं आहे. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा अठरा खाटांचा वॉर्ड. रात्रपाळीला आम्ही दोघी परिचारिका, एक वॉर्डमावशी आणि नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी. एक ते नऊ या खाटा माझ्याकडे. मला नोकरीत सात वर्षं झाली होती, त्यातली चार अशाच वॉर्डात. त्यामुळे 'अनुभव कमी पडला' असं म्हणून हे प्रकरण बाजूला सारता येत नाही. रुग्णांची ओळख पटू नये म्हणून वयं, खाटांचे क्रमांक आणि काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे.

रात्री ८ वाजता हँडओव्हर झाला तो काउंटरवर, फायली समोर ठेवून. पाच नंबरच्या रुग्णाबद्दल संध्याकाळच्या सिस्टरनं सांगितलं, "अडुसष्ट वर्षांच्या आजी. मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढून टोकं जोडलीत, आज सहावा दिवस. स्टेबल आहेत. पोट जरा फुगलंय, गॅस सुटलेला नाही. रात्रीचं जेवण नको म्हणाल्या. आता झोपल्यात." टीपीआर चार्टवर संध्याकाळी ६ ची नोंद अशी होती : तापमान ३६.४, नाडी ८८, बीपी ११२/७०, श्वास १८, ऑक्सिजन ९५ टक्के. आजींना उच्च रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल चालू होतं. चार्टवर डोळा टाकला, वावगं काही दिसलं नाही. पुढच्या फायलीकडे वळले.

त्याच चार्टवर दोन गोष्टी होत्या, पण त्या मला नंतर दिसल्या. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले चार दिवस आजींचा बीपी १३८/८२ च्या आसपास होता. म्हणजे ११२ हा आकडा एरवी चांगला असला तरी त्यांच्यासाठी उतरलेला होता. आणि श्वासाच्या रकान्यात दोन दिवस ओळीनं एकच आकडा होता : १८. आजींच्याच नाही, माझ्या नऊही रुग्णांच्या चार्टवर १८.

हँडओव्हरनंतर मी फायली वाचल्या आणि ९ च्या औषधांची तयारी करून एक नंबरपासून सुरुवात केली. आजींच्या खाटेजवळून जाताना डोकावले. डोळे मिटलेले, अंगावर पांघरूण. झोप लागलीय, उठवायला नको, असं वाटलं.

९:१५ ला त्यांची मुलगी काउंटरपाशी आली. "सिस्टर, आई आज नेहमीसारखी वाटत नाहीये."

"काय होतंय त्यांना? दुखतंय का?"

"नाही, दुखत नाही म्हणते. पण... वेगळीच वाटतेय."

"येते हं ताई, पाच मिनिटांत," मी म्हटलं. ती पाच मिनिटं पुढे पंचेचाळीस झाली.

अडचण

९:४० ला माझी सहकारी तिच्या एका रुग्णाला सीटी स्कॅनला घेऊन गेली. त्याच सुमाराला माझ्याकडे पाच कामं एकदम येऊन थडकली.

चार नंबरचा सव्वीस वर्षांचा तरुण मोठ्यानं विव्हळत होता. सकाळीच त्याच्या नडगीच्या हाडात रॉड बसवला होता, दहापैकी आठ दुखतंय म्हणत होता, आणि त्याचा भाऊ काउंटरवर येऊन जाब विचारत होता. विद्यार्थिनी सात नंबरच्या मधुमेही काकांची साखर तपासून आली होती : ५८. दोन नंबरच्या ताईंसाठी ब्लड बँकेतून रक्ताची पिशवी आली होती आणि तिच्यावर बाहेर काढल्याची वेळ होती ९:३५. आठ नंबरला नवीन रुग्ण आला होता आणि त्याचे दाखल करण्याचे कागद अडले होते. नऊ नंबरचे ब्याऐंशी वर्षांचे आजोबा संडासला जायचं म्हणून खाटेचा कठडा ओलांडू पाहत होते.

पाच नंबरकडून कसलाच आवाज नव्हता.

पर्यायांचा विचार

अशा वेळी सगळ्यात सोपं म्हणजे जो मोठ्यानं हाक मारतो त्याच्याकडे धावणं. त्या खालोखाल सोपं म्हणजे हातात घेतलेलं काम आधी संपवणं, म्हणजे औषधांची फेरी पुढे रेटणं. दोन्हीचा मोह झाला. पण ट्रे खाली ठेवला आणि काउंटरवर दहा सेकंद थांबले. विद्यार्थिदशेत हाडात भिनलेला क्रम आठवला : श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, शुद्ध. त्याच्या जोडीला स्वतःला विचारले ते तीन प्रश्न. थांबलं तर कोणाचं कायमचं नुकसान होईल? दोन मिनिटांत संपेल असं काय आहे? आणि माझ्याशिवाय दुसरं कोण काय करू शकेल?

साखर ५८ म्हणजे सत्तरच्या खाली. मेंदूला इंधन कमी पडू लागलं की माणूस बघता बघता बेशुद्धीकडे जातो, आणि उपाय मात्र मिनिटभराचा. ते पहिलं. आजोबा पडले तर मांडीचं हाड मोडू शकतं, पण त्यांच्याजवळ थांबायला परिचारिकाच लागते असं नाही. नवीन रुग्ण बसून बोलत होता, कागद थांबू शकत होते.

रक्ताच्या पिशवीचा निर्णय जड गेला. पिशवी शीतपेटीतून बाहेर आल्यापासून तीस मिनिटांच्या आत चढवायला घ्यायची किंवा परत पाठवायची, हा नियम. आणि चढवायला घेतली की पहिली पंधरा मिनिटं खाटेजवळून हलायचं नाही, कारण रक्त न जुळल्याची घातक प्रतिक्रिया बहुधा त्याच वेळात दिसते. म्हणजे रक्त लावलं की मी पंधरा मिनिटं त्या एका खाटेशी बांधली जाणार. ताईंचं हिमोग्लोबिन ७.४ होतं, पण रक्तस्राव नव्हता, नाडी-बीपी ठीक होते, धाप नव्हती. त्यांना रक्त त्या रात्री मिळालं काय आणि पहाटे मिळालं काय, फरक पडणार नव्हता. मी ब्लड बँकेला फोन करून पिशवी परत पाठवली आणि ताईंच्या डॉक्टरांना कळवलं.

राहिला विव्हळणारा तरुण. दुखण्यानं कोणी मरत नाही, म्हणून ते मागे टाकायचं, असं बऱ्याचदा होतं. ते मला मान्य नाही, आणि या रुग्णाच्या बाबतीत तर ते धोक्याचंही होतं. नडगीच्या फ्रॅक्चरनंतर पोटरीच्या स्नायूंच्या आवरणात दाब वाढून रक्तपुरवठा तुटू शकतो. कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात तो हाच. त्याची पहिली खूण म्हणजे औषधालाही न जुमानणारी, शस्त्रक्रियेच्या मानानं फारच जास्त वाटणारी वेदना. पायाची नाडी लागते म्हणून निर्धास्त राहता येत नाही, कारण ती बरीच उशिरा जाते. काही तासांत दाब मोकळा केला नाही तर स्नायू मरतो. म्हणून त्याला दुसरा क्रमांक दिला. कारण त्याचा आवाज मोठा होता हे नव्हे, त्या आवाजामागे काय आहे ते बघायला हवं होतं.

केलेली कृती : ९:४० ते ९:५८

विद्यार्थिनीला घेऊन सात नंबरकडे गेले. काका जागे होते, घाम आला होता, पण नीट बोलत होते आणि गिळू शकत होते. "पंधरा ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून दे. घड्याळ लाव. पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपास आणि आकडा मला सांग, मी कुठेही असले तरी." तिनं माझंच वाक्य मला परत म्हणून दाखवलं. मावशींना म्हटलं, "मावशी, आजोबांजवळ थांबा, त्यांना कमोडवर बसवा." एवढंच म्हटलं, आणि ते अपुरं होतं.

चार नंबरच्या पायाची बोटं गरम होती, हलत होती, स्पर्श कळत होता. मी बोटं वरच्या दिशेला ताणून पाहिली, तेव्हा वेदना वाढली नाही. पोटरी दगडासारखी ताठ नव्हती. चार्ट पाहिला तर वेदनाशामक इंजेक्शनची वेळ ९ ची होती आणि ते मीच अजून दिलं नव्हतं. इंजेक्शन दिलं, पाय नीट ठेवला, भावाला सांगितलं, "अर्ध्या तासात उतार पडला नाही किंवा बोटांना मुंग्या आल्या तर लगेच सांगा." भावाचा आवाज खाली आला. माझ्या मनात त्या क्षणी समाधान होतं, ते लपवत नाही. पाचपैकी चार कामं मार्गी लागली होती.

९:५८ ला आजींची मुलगी पुन्हा आली. "सिस्टर, आई मला आत्याच्या नावानं हाक मारतेय."

खाटेजवळ

आजींचे डोळे अर्धवट उघडे होते. नाव विचारलं, बरोबर सांगितलं. "आत्ता कुठे आहात आजी?" तर म्हणाल्या, "लग्नघरी." हात हातात घेतला तर गार. नखाचा दाबलेला पांढरा ठिपका पुन्हा लाल व्हायला चार सेकंद लागले. पोट ताठ. पांघरूण बाजूला केलं आणि छातीवर नजर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले : २८. ऑक्सिजन ९२, बीपी ९८/५४, नाडी ९६, तापमान ३५.९. मुलीला विचारलं तर दुपारी तीननंतर त्यांना लघवी झालेलीच नव्हती.

आमच्याकडे न्यूज-२ हा धोक्याची पूर्वसूचना देणारा स्कोअर वापरतात. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं तो २०१२ मध्ये आणला आणि २०१७ मध्ये सुधारला. श्वासाचे ३, ऑक्सिजनचे २, बीपीचे २, नाडीचा १, नव्यानं आलेल्या गोंधळाचे ३, उतरलेल्या तापमानाचा १. बेरीज १२. सात किंवा त्याहून जास्त म्हणजे आणीबाणी. संध्याकाळच्या आकड्यांवरून काढलेला स्कोअर १ होता.

ताप नाही, नाडी शंभरच्या आत. सेप्सिसचं, म्हणजे संसर्गामुळे शरीरभर उठणाऱ्या जीवघेण्या प्रतिक्रियेचं, पाठ्यपुस्तकातलं चित्र डोळ्यांसमोर ठेवलं तर इथे काहीच जुळत नव्हतं. पण मेटोप्रोलॉल नाडीला वर जाऊ देत नाही, आणि वय झालेलं शरीर गंभीर संसर्गातही ताप दाखवेलच असं नाही, उलट तापमान खालीही जातं. श्वास मात्र लपत नाही. पेशींना रक्त पुरेनासं झालं की आम्ल साठतं आणि ते बाहेर टाकायला शरीर श्वास वाढवतं. बीपी कोसळण्याच्या आधी बराच वेळ हे सुरू झालेलं असतं. सहाव्या दिवशी फुगलेलं पोट, न सुटलेला गॅस, अन्न नकोसं होणं, या सगळ्याचा रोख आतड्याचा जोड गळत असण्याकडे होता.

पहिला फोन आणि दुसरा फोन

ऑक्सिजनचा मास्क लावला, खाटेचं डोकं थोडं वर घेतलं आणि १०:०३ ला ऑन ड्युटी निवासी डॉक्टरांना फोन केला. ते ओटीत होते. माझं बोलणं असं झालं : "सर, पाच नंबरच्या आजी बरोबर वाटत नाहीयेत. बीपी जरा कमी आहे, थोड्या गोंधळल्यात."

"किती बीपी आहे सिस्टर?"

"अठ्ठ्याण्णव."

"ठीक आहे, फ्लुइड चालू ठेवा. केस संपली की बघतो."

फोन ठेवला आणि कळलं की डॉक्टरांनी बरोबर तेच ऐकलं जे मी सांगितलं. 'जरा', 'थोड्या', 'वाटत नाहीयेत'. चिंता माझ्या पोटात होती, शब्दांत नव्हती. माझ्यापुढे तीन वाटा होत्या. त्यांच्या येण्याची वाट पाहणं. सलाईन जोरात सोडून अर्ध्या तासानं पुन्हा बीपी घेणं. किंवा पुन्हा फोन करणं आणि इमर्जन्सी टीमही बोलावणं. पहिल्या दोन वाटांमध्ये कोणाचा रोष ओढवायचा नव्हता, म्हणूनच त्या बऱ्या वाटत होत्या. विद्यार्थिनीला इमर्जन्सी ट्रॉली आणायला पाठवलं आणि १०:०७ ला पुन्हा फोन लावला.

"सर, शस्त्रक्रिया वॉर्ड, बेड पाच. आजी वेगानं खालावताहेत, मला सेप्सिसची शंका आहे. वय अडुसष्ट, आतडं जोडल्याचा सहावा दिवस, मेटोप्रोलॉल चालू. श्वास अठ्ठावीस, ऑक्सिजन ब्याण्णव, बीपी अठ्ठ्याण्णव, त्यांचा नेहमीचा एकशे अडतीस. नव्यानं गोंधळल्यात, सात तास लघवी नाही, पोट ताठ. स्कोअर बारा. तुम्ही आत्ता यायला हवं, मी इमर्जन्सी टीमलाही बोलावतेय. तोपर्यंत कल्चर आणि लॅक्टेटचे नमुने घेऊन पाचशे मिली चालू करू का?"

"करा. येतोय."

परिस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन, मागणी, या क्रमानं बोलण्याची ही पद्धत मूळची अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरची, तिथून ती रुग्णालयांत आली. अर्ध्या मिनिटात बोलून झालं. दोन्ही फोनमध्ये रुग्ण तोच, आकडे तेच, डॉक्टरही तेच होते.

पुढचा दीड तास भराभर गेला. हातावरच्या जुन्या सुईची जागा सुजलेली होती, म्हणून दोन नव्या मोठ्या लाइन घेतल्या. टीम १०:१२ ला आली, डॉक्टर त्यांच्या मागोमाग. लॅक्टेट, म्हणजे पेशींना रक्त पुरेनासं झालं की रक्तात वाढणारा घटक, ४.६ आलं. दोनच्या वर गेलं तरी काळजी करायची असते. कल्चरचे, म्हणजे जंतू शोधण्यासाठीचे, नमुने आधी, मग प्रतिजैविक, आणि ते १०:४१ ला सुरू झालं. आजींचं वजन ५२ किलो. किलोमागे ३० मिली या हिशेबानं पहिल्या तीन तासांत सुमारे दीड लिटर फ्लुइड ठरलं. प्रत्येक ५०० मिलीनंतर बीपी आणि छाती तपासत ते दिलं. लघवीसाठी कॅथेटर घातला तेव्हा ६० मिली गडद लघवी आली. नाकातून पोटात रायल्स ट्यूब टाकली, तोंडावाटे सगळं बंद केलं. रात्री १० ची मेटोप्रोलॉलची गोळी माझ्या ट्रेमध्ये तयार होती, ती थांबवली. माझी फेरी वेळेवर चालली असती तर ती गोळी आजींच्या पोटात गेली असती, हे आजही मनातून जात नाही.

परिणाम

रात्री १:१० ला आजींना पुन्हा ओटीत घेतलं. आतड्याचा जोड गळत होता आणि पोटात घाण पसरली होती. जोड काढून पोटावर स्टोमा केला, म्हणजे शौच बाहेरच्या पिशवीत यावी म्हणून आतड्याचं तोंड पोटावर उघडलं. सहा दिवस आयसीयूत काढून त्या वॉर्डात परतल्या आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर एकोणिसाव्या दिवशी घरी गेल्या. जाताना स्टोमाची पिशवी बदलायला मुलगी शिकली होती, आजी अजून त्याकडे बघायला तयार नव्हत्या. जीव वाचला, पण हा परिणाम फुकट आलेला नाही.

बाकीच्यांचं काय झालं ते सांगितल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही. सात नंबरची साखर पंधरा मिनिटांनी ६६ होती. विद्यार्थिनी आजींच्या खाटेपाशी येऊन मला आकडा सांगून गेली, पुन्हा ग्लुकोज दिलं, पुढच्या वेळी १०४. चार नंबरचा तरुण साडेदहाला झोपला. दोन नंबरच्या ताईंना सकाळी रक्त चढवलं. तीन रुग्णांची औषधं उशिरा गेली, त्यात एक प्रतिजैविक जवळजवळ दोन तास उशिरा. नर्सेस नोट्समध्ये मी वेळेसकट आणि कारणासकट तसं लिहिलं.

आणि आजोबा. ऑक्सिजनचा सिलिंडर आणायला मी मावशींना हाक मारली, मावशी धावत आल्या आणि आजोबा कमोडवर एकटेच राहिले. ते उठून उभे राहिले, तोल गेला. शेजारच्या रुग्णाच्या नातेवाइकानं त्यांना धरलं म्हणून पडले नाहीत. दोष मावशींचा नव्हता. काम सोपवताना मी 'थांबा' म्हटलं होतं, पण कधीपर्यंत ते सांगितलं नव्हतं. 'मी स्वतः येऊन सांगेपर्यंत हलू नका, मी हाक मारली तरी' असं म्हणायला हवं होतं. आणि ज्या माणसाला एका कामावर बसवलंय त्यालाच दुसऱ्या कामाला हाक मारली, तीही मीच.

निर्णयाच्या जागा, मागे वळून पाहताना

तीन दिवसांनी इनचार्ज सिस्टरनी आढावा घेतला. कोणाला धारेवर धरायचं नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, आणि तसंच झालं. पहिला प्रश्न होता, ९:४० ला लावलेला क्रम चुकला का? मी त्यावर खूप विचार केला आहे. माझं उत्तर : त्या पाचांमधला क्रम बरोबर होता. चूक ही होती की यादीत पाचच जण होते. ज्यांनी हाक मारली, ज्यांचा आकडा समोर आला, ज्यांच्यासाठी वस्तू येऊन पडली, तेच यादीत आले. ज्यांचं शरीर हाक मारायच्या पलीकडे चाललं होतं ते यादीतच नव्हते. प्राधान्य ठरवायला आपण पुष्कळ चौकटी शिकतो, पण त्या सगळ्या आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टींनाच रांगेत लावतात. ठाऊक नसलेल्या गोष्टीसाठी उठून खाटेपर्यंत जावं लागतं.

म्हणून माझ्या मते निर्णायक वेळ ९:४० ची नव्हती, ८ ते ८:३० ची होती. हँडओव्हर संपल्यावर औषधांना हात लावण्याआधी नऊही रुग्णांना प्रत्येकी एक-दोन मिनिटं द्यायला हवी होती. नावानं हाक, उत्तराकडे लक्ष, मनगटाला हात, श्वासाकडे नजर. झोपलेल्या माणसालाही. शस्त्रक्रियेनंतरची गुंगी आणि झोप लांबून सारखीच दिसतात, आणि मी लांबूनच पाहिलं होतं. वीस मिनिटं गेली असती आणि औषधं तेवढी उशिरा झाली असती, हे खरं. आढाव्यात एका सहकारीनं हाच मुद्दा मांडला आणि तो रास्त आहे : नऊ रुग्णांमागे एक परिचारिका असताना ही वीस मिनिटं आणायची कुठून? मनुष्यबळाचा प्रश्न परिचारिकेच्या दक्षतेनं भरून काढायचा नसतो, आणि तसं लेखी कळवलंही. पण त्या रात्री जेवढी मिनिटं होती ती मी कुठे खर्च केली, हेही बघावंच लागतं.

दुसरी जागा 'स्टेबल' हा शब्द. संध्याकाळच्या सिस्टरनं फुगलेलं पोट, न सुटलेला गॅस, नाकारलेलं जेवण हे सगळं मला सांगितलं होतं. तिच्या हँडओव्हरमध्ये धोक्याची माहिती होती. पण त्याआधी 'स्टेबल' ऐकलं आणि पुढचं सगळं कानाआड गेलं. मी तिला एवढंच विचारायला हवं होतं : कालच्यापेक्षा आज कशा आहेत? हा प्रश्न विचारला असता तर आम्हा दोघींना १३८ आणि ११२ शेजारी-शेजारी ठेवावे लागले असते.

तिसरी जागा श्वासाचा रकाना. संध्याकाळी ६ ला आजींचे श्वास खरोखर किती होते ते आता कधीच कळणार नाही. थर्मामीटर, बीपीचं यंत्र, ऑक्सिमीटर हे सगळं आकडा दाखवतं, श्वास मात्र स्वतः मोजावा लागतो, म्हणून घाईत तोच सुटतो. संध्याकाळच्या सिस्टरनं १८ लिहिलं, आदल्या रात्री मीही तेच लिहिलं होतं. सही माझी होती. मोजलं नसेल तर रकाना रिकामा ठेवणं बरं, कारण रिकामा रकाना बघणाऱ्याला अडवतो आणि खोटा १८ पुढे जाऊ देतो.

चौथी जागा ९:१५. मुलीनं 'आई वेगळी वाटते' म्हटलं तेव्हा मी 'दुखतंय का' विचारलं. दुखत नाही म्हटल्यावर माझ्या लेखी प्रश्न मिटला. चाळीसेक वर्षं आईला पाहिलेल्या माणसाचं निरीक्षण मी लक्षण म्हणून धरलं नाही, कारण ते माझ्या रकान्यांत बसत नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये २०१३ पासून 'रायन्स रूल' आहे. रायन सॉण्डर्स हा लहान मुलगा २००७ मध्ये दगावला, त्याच्या आईवडिलांची काळजी पुरेशी मनावर घेतली गेली नव्हती. त्या नियमामुळे रुग्णाला किंवा नातेवाइकाला थेट वरच्या पातळीवर तपासणी मागता येते. इंग्लंडनं २०२४ पासून 'मार्थाज रूल' आणला, तोही तेरा वर्षांच्या मार्था मिल्सच्या सेप्सिसनं झालेल्या मृत्यूनंतर. दोन्हीकडे ही वाट मुलांच्या जिवाची किंमत मोजून उघडली. माझ्या वॉर्डात तर नियमाचीही गरज नव्हती, मुलगी काउंटरवर येऊन उभीच होती. पंचेचाळीस मिनिटं आधी गेले असते तर स्टोमा टळला असता का? सर्जनच्या मते नाही, जोड त्याआधीच गळत होता. पण आयसीयूतले दिवस कदाचित कमी झाले असते.

पहिल्या फोनबद्दल वर लिहिलंच आहे. त्यात एवढीच भर : स्कोअर १२ असताना मी आधी इमर्जन्सी टीमचाच क्रमांक फिरवायला हवा होता. निवासी डॉक्टरांना आधी विचारणं ही सवय होती, आणि त्यामागे 'उगाच बोलावलं' असं ऐकावं लागण्याची भीती होती. सात वर्षांनीही ती होती.

रक्ताची पिशवी परत पाठवण्यावर आढाव्यात दोन मतं पडली. काहींच्या मते सहकारी सीटीवरून परत येईपर्यंत पाच-दहा मिनिटं थांबायला हरकत नव्हती. मी त्या निर्णयावर ठाम आहे. पिशवी काउंटरवर असती तर घड्याळ डोक्यात वाजत राहिलं असतं, आणि ९:५८ ला मी कदाचित दोन नंबरच्या खाटेशी बांधलेली असते.

वॉर्डात काय बदललं

हँडओव्हर आता खाटेजवळ होतो, रुग्णाला नावानं हाक मारून. त्यात 'स्टेबल' म्हटलं की लगेच 'कशावरून' विचारायचं, असं ठरलं आहे. नातेवाइकांनी काळजी बोलून दाखवली तर ती वेळेसह चार्टवर लिहायची आणि पंधरा मिनिटांच्या आत रुग्णाला बघायचं. काउंटरवरच्या फोनशेजारी चार ओळींचा कागद चिकटवला आहे, फोन करण्याआधी आकडे त्यावर भरायचे. दर वेळी हे सगळं पाळलं जातंच असं नाही. गर्दीच्या रात्री हँडओव्हर पुन्हा काउंटरवर सरकतो.

श्वास मात्र मोजले जातात. पुढच्या आठवड्यात त्याच विद्यार्थिनीनं सकाळची नोंद करून चार्ट माझ्यासमोर ठेवले. नऊ रुग्ण : १४, १६, १६, २०, १५, २२, १८, १३, १७. सहाव्या आकड्यावर तिनं बोट ठेवलं होतं. आम्ही दोघी त्या खाटेपाशी गेलो. त्या काकांना नुकतंच चालवून आणलं होतं. बाजूला बसून पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजले, सोळा भरले. तिनं दोन्ही आकडे वेळेसह लिहिले.